वेबसाइटवर पेमेंट बटन कसं लावायचं? फराळाच्या एका डब्यावरून पूर्ण हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्क्रीनवर पेमेंट बटन तयार केलं. व्हिडिओ बघताना थांबून थांबून लिहून घेणं कटकटीचं होतं, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे क्रमाने दिल्या आहेत. शुल्काचा हिशोब आणि कागदपत्रांचा भाग व्हिडिओत वेळेअभावी घाईत उरकला होता, तोही इथे सविस्तर आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, तुम्ही खांदा कॉलनीत राहता आणि घरातूनच दिवाळीचा फराळ करून विकता. चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, करंज्या, बेसनाचे लाडू असा मोठा डबा. किंमत २,५०० रुपये. गिऱ्हाईक कोण? सोसायटीतली मंडळी, कामोठे-कळंबोलीची ओळखीची घरं, खांदेश्वर स्टेशनवरून रोज मुंबईला जाणारे नोकरदार, आणि पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलं, जी इथल्या आईवडिलांच्या घरी डबा पाठवायला सांगतात.

आता ऑर्डर येते व्हॉट्सअ‍ॅपवर, पत्ता कळतो फोनवर आणि पैसे येतात यूपीआयवर. ऑर्डर असते सासूबाईंच्या नावाने, पैसे आलेले असतात जावयाच्या खात्यातून. कुणी स्क्रीनशॉट पाठवतं, कुणी "टाकलेत हं" एवढंच लिहितं. दिवसभर कढईसमोर उभं राहायचं आणि रात्री अकरा वाजता फोन, वही आणि बँकेचे मेसेज घेऊन जुळवाजुळव करायची. दहा ऑर्डरपर्यंत हे जमतं. चाळीस झाल्या की एखादा डबा पैसे न येताच जातो, आणि एखाद्याचे पैसे येऊनही डबा जात नाही. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते, कारण ते गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीला येत नाही आणि चार जणांना सांगतंही.

म्हणजे अडचण पैसे घेण्याची नाही. ते तर यूपीआयमुळे चहाच्या टपरीवरही होतं. अडचण आहे ती कुणाचे, कशासाठी आणि कुठे पाठवायच्या डब्याचे पैसे आले हे कळण्याची. पेमेंट बटनाचं खरं काम हेच आहे. ऑर्डर, पत्ता आणि पैसे या तिन्ही गोष्टी ते एका ओळीत आणून ठेवतं. एवढं लक्षात ठेवलंत, तर पुढच्या प्रत्येक पायरीला काय निवडायचं ते आपोआप कळेल.

आधी ठरवा: बटन तुम्हाला लागतं का?

प्रत्येकाला लागत नाही. पैसे घेण्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, क्यूआर कोड. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. त्याचं चित्र वेबसाइटवरही लावता येतं. मोबाइलवर दाबलं की थेट यूपीआय अ‍ॅप उघडेल अशी लिंकही करता येते. पण पैसे आले की नाही हे तुमच्या वेबसाइटला कळत नाही, तुम्हाला बँकेचा मेसेजच बघावा लागतो. लॅपटॉपवर ती लिंक उपयोगाची नाही, आणि वैयक्तिक यूपीआय आयडीवर बनवलेल्या अशा लिंक काही अ‍ॅप नाकारतात.

दुसरी पायरी, पेमेंट लिंक. यासाठी वेबसाइटही लागत नाही. गिऱ्हाईकाच्या नावाने रक्कम टाकून लिंक बनवायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. ज्यांची प्रत्येक ऑर्डर वेगळी असते त्यांना हे उत्तम. केक, शिवणकाम, सजावट, फोटोग्राफी अशा कामांत आधी बोलणं होतं आणि मग रक्कम ठरते.

तिसरी पायरी, पेमेंट बटन. वस्तू ठरलेली, किंमत ठरलेली, आणि गिऱ्हाईक तुमच्याशी न बोलताही विकत घेऊ शकतं, तेव्हा बटन हवं. आपला फराळाचा डबा अगदी असाच आहे. क्लासची फी, कार्यशाळेचं शुल्क, मंडळाची वर्गणी हेही यातच येतं.

दिवसाला एक-दोन ऑर्डर असतील, तर क्यूआर आणि वही पुरते. उगाच शुल्क भरू नका. रोज पाचच्या पुढे ऑर्डर जायला लागल्या, किंवा निम्मी गिऱ्हाइकं बाहेरगावची असली, की बटनाचा विचार करा. आणि वीस-पंचवीस प्रकारचा माल असेल, तर बटन अपुरं पडेल. तिथे कार्ट असलेलं पूर्ण ऑनलाइन दुकान लागतं. तो विषय वेगळा.

पैसा कुठून कुठे जातो?

गिऱ्हाईकाने बटन दाबलं की एक छोटी खिडकी उघडते. ती तुमच्या वेबसाइटची नसते, पेमेंट कंपनीची असते. कार्डाचा नंबर, ओटीपी, यूपीआय हे सगळं तिथे घडतं. म्हणून गिऱ्हाईकाचा कार्ड नंबर तुमच्यापर्यंत कधी येतच नाही, आणि येऊही नये.

अशा कंपनीला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. अनेक दुकानदारांच्या वतीने ती पैसे गोळा करते आणि ज्याचे त्याला पोहोचवते. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी या कंपन्यांसाठी नियम काढले. त्यानुसार गोळा केलेला पैसा कंपनीने आपल्या धंद्याच्या पैशात मिसळायचा नसतो. तो बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो, आणि तिथून ठरलेल्या मुदतीत तुमच्या खात्यात येतो.

रेझरपे आणि कॅशफ्री ही यातली ओळखीची नावं. दुसरी कुठलीही कंपनी निवडलीत तरी चालेल, पण तिला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा. "शुल्क अगदी कमी, कागदपत्रं नकोत" असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. तुमचा पैसा दोन-तीन दिवस त्याच्याकडे असणार आहे.

शुल्काचा हिशोब: १०० रुपयांवर नाही, नफ्यावर बघा

बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, "यूपीआय तर फुकट आहे ना?" बरोबर आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर बँकेचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. पण पेमेंट कंपनी तुम्हाला खिडकी देते, नोंद ठेवते, पावती पाठवते, पैसे परत करण्याची सोय देते. त्या सेवेचं शुल्क ती घेते. साधारण २ टक्के हा दर सर्रास दिसतो, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. परदेशी कार्ड, ईएमआय वगैरेला जास्त. दर बदलतात, म्हणून खातं उघडण्याच्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः वाचा.

आता आपला डबा घ्या.

डब्याची किंमत: २,५०० रुपये
२ टक्के शुल्क: ५० रुपये
शुल्कावर १८ टक्के जीएसटी: ९ रुपये
एकूण कपात: ५९ रुपये
तुमच्या खात्यात: २,४४१ रुपये

"अडीच हजारात ५९ रुपये म्हणजे काहीच नाही," असं वाटतं. पण समजा सामान, गॅस, मदतनीस ताईंची मजुरी, डबा आणि पोहोचवण्याचा खर्च जाऊन तुम्हाला एका डब्यामागे ५०० रुपये उरतात. कपात विक्रीवर होते, पण ती जाते या ५०० मधून. म्हणजे नफ्याचे जवळजवळ १२ टक्के गेले. चाळीस डब्यांवर २,३६० रुपये. तुमचा नफा डब्यामागे २०० च असता, तर हाच आकडा ३० टक्क्यांच्या जवळ गेला असता.

म्हणून बटन लावण्याआधी स्वतःच्या मालाचा असा हिशोब कागदावर करा. मग तीन मार्ग आहेत. एक, हे ५९ रुपये किमतीत आधीच धरा. दोन, सोसायटीतल्या आणि रोजच्या गिऱ्हाइकांना क्यूआरच द्या आणि बटन बाहेरच्यांसाठी ठेवा. तीन, शुल्क सोसा, पण रात्रीची दोन तासांची जुळवाजुळव वाचते त्याची किंमत लावून बघा. घरगुती उद्योगात आपण स्वतःचा वेळ फुकट धरतो, आणि तिथेच हिशोब चुकतो.

कागदपत्रं: हे काम सगळ्यात आधी

बटन बनवायला अर्धा तास लागतो. केवायसी पूर्ण व्हायला मात्र दिवस जातात, कारण कंपनी तुमची कागदपत्रं आणि वेबसाइट दोन्ही तपासते. दिवाळीसाठी बटन हवं असेल, तर गणपतीतच अर्ज करून टाका. एकट्याच्या मालकीच्या उद्योगासाठी साधारण हे लागतं:

१. मालकाचं पॅन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा.
२. बँक खातं, शक्यतो उद्योगाच्या नावाचं चालू खातं.
३. उद्योगाचा पुरावा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. दुकान किंवा ऑफिस असेल तर आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती नोंद. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार कमी असतील, तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं.
४. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी. घरून करत असलात तरीही. तो १४ अंकी नंबर डब्यावर आणि वेबसाइटवर दिसला पाहिजे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वहीत लिहून ठेवा. पेमेंट कंपनीचं खातं तुमच्याच नावावर, तुमच्याच मोबाइल नंबरवर आणि तुमच्याच बँक खात्याला जोडलेलं हवं. वेबसाइट बनवून देणारा म्हणेल, "माझ्या खात्यावरून बटन लावून देतो, पैसे आले की तुम्हाला ट्रान्सफर करतो." त्याची नियत चांगली असली तरी नको. उद्या तो फोन उचलेनासा झाला, तर गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार, त्याच्या नाही. पासवर्डही देऊ नका. मदतीसाठी माणूस जोडायचा असेल, तर खात्यात टीम मेंबर म्हणून मर्यादित अधिकार देण्याची सोय असते, ती वापरा.

वेबसाइटवर ही पाच पानं हवीत

केवायसी अडकते ती बहुतेक इथे. पुढची पानं नसतील, तर अर्ज परत येऊ शकतो:

१. संपर्क: उद्योगाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल.
२. अटी व नियम.
३. गोपनीयता धोरण: गिऱ्हाईकाची कोणती माहिती घेता आणि कशासाठी.
४. माल पोहोचवण्याचं धोरण: कुठे, किती दिवसांत, किती खर्चात.
५. ऑर्डर रद्द करणं आणि पैसे परत.

दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवरून ही पानं उचलून चिकटवू नका. कपड्यांच्या दुकानाचं "सात दिवसांत माल परत" हे वाक्य फराळाच्या पानावर राहिलं, तर सात दिवसांनी अर्धा संपलेला चिवडा परत येईल आणि पैसे द्यावे लागतील. तुम्ही लिहिलेला शब्द तुम्हाला बांधून ठेवतो. आपल्या डब्यासाठी साधं, स्वच्छ असं काहीतरी लिहा:

"डबा पोहोचवण्याच्या तारखेच्या ५ दिवस आधीपर्यंत ऑर्डर रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यानंतर पदार्थ करायला घेतलेले असतात, म्हणून ऑर्डर रद्द करता येणार नाही. डबा फुटलेला किंवा चुकीचा आला, तर २४ तासांत फोटो पाठवा. आम्ही नवीन डबा देऊ किंवा पैसे परत करू."

२३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम लागू झाले. त्यानुसार ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि संपर्क द्यायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. घरगुती उद्योगात ती व्यक्ती बहुधा तुम्हीच. संपर्काच्या पानावर तसं एक वाक्य घाला.

बटन तयार करा: सहा पायऱ्या

व्हिडिओत रेझरपेवर दाखवलं, म्हणून त्याचीच रचना इथे देतोय. दुसऱ्या कंपनीत नावं थोडी वेगळी असतील, क्रम जवळपास हाच.

१. खात्यात लॉगिन करा. डावीकडच्या यादीत "पेमेंट बटन" शोधा आणि "क्रिएट" दाबा.

२. नमुना निवडा. झटपट पेमेंट, देणगी, खरेदी असे तयार नमुने असतात. आपल्याला खरेदीचा हवा.

३. शीर्षक आणि बटनावरचा मजकूर लिहा. शीर्षक तुम्हाला यादीत ओळखायला, म्हणून नेमकं ठेवा: "दिवाळी फराळ मोठा डबा". बटनावर काय घडणार ते लिहा: "डबा बुक करा". नुसतं "पे" लिहिलं, तर गिऱ्हाईकाला आपण कशाचे पैसे देतोय ते कळत नाही.

४. रक्कम ठरवा. इथे तीन प्रकार दिसतील: ठरलेली रक्कम, गिऱ्हाईक स्वतः टाकेल ती रक्कम, आणि नगाप्रमाणे रक्कम. देणगी किंवा वर्गणीला दुसरा प्रकार ठीक. आपल्याला तिसरा हवा, म्हणजे कुणी तीन डबे घेतले तर ७,५०० आपोआप होतील. पोहोचवण्याचा खर्च धरला आहे की नाही, हे तिथेच लिहा.

५. गिऱ्हाईकाची माहिती. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच घाईत उरकतात. ईमेल आणि फोन आधीच असतात. त्यात भर घाला: डबा कुणाला द्यायचा त्याचं नाव, त्याचा फोन, पूर्ण पत्ता, वसाहतीचं नाव, पिन कोड, कोणत्या तारखेला हवा.

वसाहतीचं नाव वेगळं का? आपल्याकडे सिडकोच्या प्रत्येक वसाहतीला स्वतःचे सेक्टर आहेत. सेक्टर ८ खांदा कॉलनीत आहे आणि सेक्टर ८ खारघरमध्येही आहे. बंगळुरूत बसलेला मुलगा "सेक्टर ८, नवी मुंबई" एवढंच लिहून मोकळा होतो आणि तुमचा पोऱ्या डबा घेऊन भलत्याच गेटवर उभा राहतो. म्हणून यादी द्या: खांदा कॉलनी, नवीन पनवेल पूर्व, जुनं पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर. गिऱ्हाईकाने त्यातूनच निवडायचं. आपला ४१०२०६ पिन आणि खारघरचा ४१०२१० हे जुळवून बघितले की चूक तिथल्या तिथे पकडता येते.

पण गरजेपेक्षा जास्त काही विचारू नका. फराळाला जन्मतारीख लागत नाही. रकाने जितके जास्त, तितकी अर्धवट सोडलेली खरेदी जास्त.

६. सगळं एकदा वाचा आणि "क्रिएट" करा. एक छोटा कोड मिळेल, दोन-तीन ओळींचा. तो जसाच्या तसा कॉपी करा. त्यात एकही अक्षर बदलू नका.

वेबसाइटवर चिकटवा

वर्डप्रेसवर: पान उघडा, जिथे बटन हवं तिथे "कस्टम एचटीएमएल" नावाचा ब्लॉक घ्या आणि कोड त्यात पेस्ट करा. साध्या परिच्छेदात पेस्ट केला, तर बटनाऐवजी कोडची अक्षरंच पानावर दिसतील. ही सगळ्यात नेहमीची गडबड. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत असा कोड चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ब्लॉगरवर: लिहिण्याचा मोड बदलून एचटीएमएल मोड घ्या आणि तिथे पेस्ट करा.

गूगल साइट्सवर: "एम्बेड" मध्ये जाऊन कोड टाका, पण मोबाइलवर पेमेंटची खिडकी नीट उघडते का ते नक्की बघा.

कुठेही कोड चाललाच नाही, तर अडून बसू नका. त्याच पेमेंट कंपनीत "पेमेंट पेज" बनवा, त्याची लिंक घ्या आणि वेबसाइटवरच्या साध्या बटनाला जोडा. गिऱ्हाईक एक पान पुढे जाईल, एवढाच फरक.

बटन कुठे ठेवायचं? डब्याचा फोटो, आतल्या पदार्थांची यादी, वजन, किंमत, पोहोचवण्याची तारीख, आणि लगेच खाली बटन. पैसे परतीच्या धोरणाची लिंक बटनाजवळच द्या. आधी पैसे द्यायला माणूस बिचकतो तो याच एका शंकेने, "नाही मिळालं तर?" त्याचं उत्तर त्याला शोधावं लागू नये.

उघड करण्याआधी चाचणी

कंपनीच्या खात्यात टेस्ट आणि लाइव्ह असे दोन मोड असतात. टेस्टमध्ये खोटं पेमेंट करून बघता येतं. मात्र टेस्टमध्ये बनवलेलं बटन लाइव्हमध्ये आपोआप येत नाही, तिथे पुन्हा बनवावं लागतं. टेस्टचाच कोड वेबसाइटवर राहिला, तर गिऱ्हाईकाला पेमेंट झाल्यासारखं वाटेल आणि तुमच्याकडे एक रुपया येणार नाही.

म्हणून लाइव्हमध्ये एक रुपयाचं वेगळं बटन करा आणि घरातल्या कुणाला तरी त्यांच्या फोनवरून, त्यांच्या खात्यातून भरायला सांगा. मग तपासा: त्यांना पावती आली का? तुमच्या खात्यात पत्त्यासकट नोंद दिसते का? तो रुपया परत पाठवता येतो का? पैसे परत करण्याचा पहिला सराव संतापलेल्या गिऱ्हाईकासमोर होऊ नये.

पैसे कधी येतात, किती येतात

पेमेंट झालं म्हणजे पैसे तुमच्या बँकेत आले असं नाही. साधारण दोन कामकाजाचे दिवस धरा. दिवाळीत हेच अडचणीचं ठरतं. चौथा शनिवार, रविवार, लक्ष्मीपूजन, पाडवा अशा सुट्ट्या लागून आल्या, की आदल्या आठवड्याच्या शेवटी झालेली विक्री पुढच्या आठवड्यात हाती येते. तूप, डाळ, सुकामेवा तर तुम्हाला आजच घ्यायचाय आणि दुकानदार रोख मागतोय. म्हणून निदान पहिल्या वीस डब्यांच्या सामानाचे पैसे हाताशी ठेवूनच बुकिंग सुरू करा.

दुसरं, बँकेत रक्कम एकत्र येते. एका दिवशी तीन डबे विकले, तर ७,५०० नाही, १७७ वजा होऊन ७,३२३ रुपयांची एकच नोंद दिसेल. घाबरू नका, पैसे कुणी खाल्लेले नाहीत. पेमेंट कंपनीच्या सेटलमेंटच्या यादीत तिन्ही पेमेंट वेगवेगळी दिसतात. हिशोबात मात्र विक्री ७,५०० च लिहायची आणि १७७ खर्चात दाखवायचे. जीएसटीची उलाढाल मोजतानाही ७,५०० च धरली जाते.

रोज रात्री पंधरा मिनिटं काढून एक तक्ता भरा: तारीख, पेमेंटचा क्रमांक, नाव, वसाहत, डबे, रक्कम, डबा गेला का. चाळीस डब्यांचीच ताकद असेल, तर चाळिसावं पेमेंट आलं की बटन बंद करा. एक्केचाळिसाव्याचे पैसे घेऊन नंतर माफी मागू नका.

जीएसटीबद्दल एक सावधगिरी

महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाख आणि सेवेला २० लाख रुपये वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. बटन लागलं की बेळगावहून मावशी आणि गोव्याहून मामा ऑर्डर टाकणारच. म्हणून सुरुवातीला पत्त्याच्या यादीत फक्त तुमच्या वसाहती ठेवा, आणि राज्याबाहेर जायचं ठरलं की आधी सीएशी बोला.

अडचण आली तर

"पैसे कापले गेले, पण पेमेंट फेल दाखवतंय." हा फोन येणारच. तुमच्या यादीत पेमेंटची स्थिती बघा. यशस्वी असेल तर ऑर्डर पक्की. फेल असेल तर स्वतःच्या खिशातून पैसे पाठवू नका, नाहीतर दोनदा जातील. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. गिऱ्हाईकाला हे शांतपणे सांगा आणि व्यवहाराचा क्रमांक पाठवा.

"ऑर्डर रद्द करायची आहे." धोरणात बसत असेल, तर पेमेंट कंपनीच्या खात्यातून, त्याच पेमेंटवर परतावा द्या. वेगळ्या यूपीआयने पाठवलेत तर नोंद तुटते. गिऱ्हाईकाला २,५०० पूर्ण जातील, पण कापलेलं ५९ रुपयांचं शुल्क तुम्हाला सहसा परत मिळत नाही. पाच रद्द झाल्या तर २९५ रुपये गेले. ते किमतीत धरा.

"हा बघा स्क्रीनशॉट, डबा द्या." स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. यादीत नाव दिसलं तरच डबा हलवायचा, हा नियम मदतनिसांनाही सांगून ठेवा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन किंवा ओटीपी लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा, वेळ घालवू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका वस्तूची किंमत, कपात आणि उरणारा नफा कागदावर मांडा.
२. रद्द करणं आणि पैसे परत याबद्दल चार वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. गिऱ्हाईकाकडून कोणते रकाने भरून घ्यायचे त्याची यादी करा.
४. मगच केवायसीचा अर्ज भरा.

ही चार कामं झाली असतील, तर बटन लावणं खरंच अर्ध्या तासाचं काम आहे. ती न करता लावलेलं बटन पैसे आणेल, पण सोबत गोंधळही आणेल. पुढच्या भागात याच यादीवरून डबे पोहोचवण्याचं वेळापत्रक कसं करायचं ते बघू. तोपर्यंत तुमचा हिशोब कागदावर मांडून ठेवा. शुभेच्छा!